चेन लांबली

"चेन लांबली बे तुझी."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या चार महिन्यांच्या मेहनतीकडे फार तर अर्धा मिनिट बघितलं आणि एवढंच बोलले. ते चंद्रपूरहून दिवाळीला आले होते, बॅगा अजून दारातच होत्या, आणि मी त्यांना चहापाणी न विचारता थेट बाल्कनीत नेलं होतं कारण मला शाबासकी पाहिजे होती, आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती कशाला पाहिजे असं कोणी विचारू नये. टेबलावर मी केलेला छोटा डोझर, म्हणजे बुलडोझर, उभा होता. १:१६ स्केलचा, जवळजवळ हातभर लांब, आणि त्याच्या उजव्या अंगाला मी एकेक तुकडा हाताने करून जोडलेली पितळेची चेन, रणगाड्याला चाकांवरून फिरते तशी. बोटाने ढकलला की चालायचा, पण चार इंच गेला की मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकावर, चेन 'टक' करून उडी मारायची. मी ते झाकायला तो उभाच ठेवला होता. बाबांनी ढकलून बघितलंसुद्धा नव्हतं, त्यांनी नुसती स्प्रॉकेटवर चेन कशी बसलीये ते बघितलं आणि त्यांना कळलं.

आता थोडं मागचं. बाबा आयुष्यभर डोझर ऑपरेटर. आमच्याकडे चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळशाच्या खुल्या खदानी, त्यातल्या एका खदानीत ते ओबी डंपवर असायचे. ओबी म्हणजे कोळशाच्या वरची सगळी माती-दगड, ती डंपर आणून ओततात आणि डोझर ती कडेला ढकलून सपाट करत राहतो, दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे. फर्स्ट, सेकंड, नाईट. घरी आले की त्यांच्या अंगाला डिझेल, ग्रीस आणि धुळीचा मिळून एक वास असायचा, तो मला अजून कुठे आला की मी वळून बघतो. पण कामाबद्दल ते कधी एक अक्षर बोलायचे नाहीत. "काय केलं आज?" "ढकललं." संपलं.

लहानपणी मी रिळाची गाडी करायचो, दोऱ्याचं लाकडी रीळ, आतून रबरबँड, एका बाजूला मेणबत्तीचा तुकडा आणि काडी, पीळ दिला की ती सतरंजीवरच्या सुरकुत्या चढून जायची. तान्ह्या पोळ्याला बाकीची पोट्टी लाकडी बैल सजवून न्यायची, मी एका वर्षी बैलाच्या मागे ती रिळाची गाडी बांधली होती आणि आईने सगळ्यांसमोर कान पिरगाळला होता. म्हणजे किडा जुना आहे.

पुण्यात लोकांना सांगितलं की मी बुलडोझरची मॉडेल्स करतो तर आधी एक विचित्र पॉज येतो. कारण आता बुलडोझर म्हटलं की बातम्या आठवतात. मग मी सांगतो की बातम्यांत ज्याला बुलडोझर म्हणतात तो बहुतेक वेळा जेसीबी असतो, चार रबरी चाकांचा, पुढे बकेट मागे खोदायचा हात, ज्याच्यातून आपल्याकडे निवडून आलेल्या नगरसेवकावर गुलाल पण उधळतात. त्याला चेन नसते. आणि माझा सगळा जीव चेनमध्ये आहे, वरचं मशीन मला खरं सांगायचं तर डब्यासारखं वाटतं.

बाजारातल्या स्वस्त खेळण्यात या चेनचा जो अपमान केलेला असतो तो बघवत नाही. काळा रबरी पट्टा, दोन वर्षांत कडक होतो आणि तडकतो. शिवाय त्याच्यावर तीन-तीन बारीक धारा काढलेल्या असतात, ती पोकलेनची, म्हणजे खोदायच्या मशीनची, प्लेट झाली! (प्लेट म्हणजे चेनचा जमिनीला टेकणारा एकेक आडवा तुकडा.) पोकलेनला जागेवर वळावं लागतं म्हणून तिच्या प्लेटवर बुटक्या तीन धारा असतात, म्हणजे वळताना जमीन फार उकरत नाही आणि चेनवर ताण कमी येतो. डोझरला ढकलायचं असतं, त्याला जमिनीत नख रोवायला पाहिजे, म्हणून त्याच्या प्लेटवर एकच उंच धार, ग्राउझर. ज्याने कोणी डोझरला तीन धारांचा पट्टा लावून विकला त्याने आयुष्यात एकदाही डोझरच्या मागे राहिलेला ठसा बघितलेला नाही.

तर भाच्याचं असंच एक टाकून दिलेलं १:१६ चं खेळणं मी उचलून आणलं आणि त्याचं बेमलच्या बीडी १५५ मध्ये रूपांतर करायचं ठरवलं. बेमल म्हणजे भारत अर्थ मूव्हर्स, १९६४ ची सरकारी कंपनी, त्यांचे डोझर कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात बनतात, मूळ डिझाइन जपानच्या कोमात्सुचं. आमच्या घरात याला "एकशेपंचावन" म्हणतात, जणू नात्यातलं कोणी आहे. खेळण्याचं केबिन कापलं, ब्लेड नवीन केलं, एक्झॉस्ट, रेडिएटरची जाळी वगैरे सगळं झालं, त्यावर मी इथे एक ओळही जास्त लिहिणार नाही कारण ते कोणीही करतं.

चेन मात्र अशी. खऱ्या एकशेपंचावनच्या एका बाजूला ४१ प्लेट. प्रत्येक प्लेटखाली दोन लिंक, डावी-उजवी. लिंक सरळ नसते, तिला एक वाक असतो, एक टोक आत एक बाहेर, म्हणजे पुढच्या लिंकचं आतलं टोक मागच्या लिंकच्या बाहेरच्या टोकात बसतं. आतल्या टोकात बुश, म्हणजे पोकळ नळी, बाहेरच्यात पिन, पिन बुशमधून आरपार. प्लेटला चार बोल्ट. दोन्ही बाजूंचा हिशोब केला तर ८२ प्लेट, १६४ लिंक, ८२ पिना, ८२ बुश आणि ३२८ बोल्ट. हा हिशोब मी एका रविवारी सकाळी कागदावर केला आणि कागद बायकोला दाखवला. ती म्हणाली, "आणि बाल्कनीत कपडे कुठे वाळत घालायचे ते पण लिही खाली."

पहिला प्रयत्न प्लास्टिक शीटचा. सुंदर दिसली, पण चेन हवेत ताठ उभी राहिली, कागदाच्या पताकेसारखी. दुसरा प्रयत्न रेझिनचा. ओळखीच्या एका गणपतीच्या कारखान्यात रबरी साच्यातून मूर्ती निघताना बघितली होती, म्हटलं एक प्लेट नीट बनवू, तिचा सिलिकॉनचा साचा करू आणि पेणच्या गणपतीसारख्या धडाधड पाडू. पडल्या पण. पिनेची भोकं तिसऱ्या दिवशी फुटायला लागली आणि वजनाचा प्रश्न तसाच. चेनला वजन पाहिजे, वजन असल्याशिवाय झोल पडत नाही आणि झोल नसेल तर ती चेन नाही, पट्टा आहे.

मग पितळ. रविवार पेठेतून एक मिलिमीटरचा पत्रा आणला, ३५ मिमी रुंद पट्ट्या कापून घेतल्या (खरी प्लेट ५६० मिमी, भागिले १६), त्यावर पाच मिमी उंच धार उभी करून डाग देऊन जोडली. डाग देणं मी एका सोनाराकडे बसून शिकलो. दोन शनिवार त्याने मला फक्त फक्की कशी लावायची आणि ज्योत कुठे धरायची एवढंच दाखवलं, तिसऱ्या शनिवारी म्हणाला, साहेब हे एवढे ब्याऐंशी कशासाठी? मी म्हटलं बुलडोझरला. त्याने पुढे काही विचारलं नाही. लिंक सोल्डरच्या धातूच्या, सिलिकॉनच्या साच्यात ओतून, सोल्डर त्या मानाने कमी तापमानाला वितळतो त्यामुळे चांगला साचा ते सहन करतो. बुश म्हणजे बाहेरून तीन आणि आतून दोन मिमीची पितळी नळी, पिन म्हणजे सायकलचा स्पोक. स्केलच्या हिशोबाने दोन्ही बारीक आहेत, माहितीये, पण स्पोक जुन्या बाजारात किलोवर मिळाले. बोल्टांची डोकी सहा कोनी प्लास्टिकच्या काडीचे काप, भेंडी चिरतो तसे, आणि भेंडीसारखेच निम्मे उडून कुठेतरी जातात. आमच्या घरात अजून झाडू मारताना सापडतात.

स्प्रॉकेट भोसरीत लेझर कटिंगवाल्याकडून करून घेतलं. त्याची ड्रॉइंग करताना मी २६ दात काढले होते, सम संख्या, भागायला सोपी. बाबांना फोनवर सहज विचारलं किती दात असतात तर लगेच उत्तर, "सत्तावीस." आणि मग मला आठवत नाही कधी ते फोनवर याच्या आधी एवढं लांब बोलले असतील, त्यांनी समजावलं की बुश एकाआड एक खाचेत बसतो, दात सम असले तर आयुष्यभर त्याच त्याच खाचा झिजतील आणि बाकीच्या कोऱ्या राहतील, विषम असले की दुसऱ्या फेऱ्याला बुश बाजूच्या खाचेत जातो, झीज सगळ्यांत वाटून जाते. "इमानदारीचं काम आहे ते," म्हणाले. मी ड्रॉइंग बदललं. आमचे फोन तोपर्यंत "जेवला का, हाओ, पाऊस आहे का, आईले देतो" एवढेच असायचे.

तर एवढं सगळं करून दिवाळीला चेन लांबली.

"लोखंड नाई लांबत," बाबा खुर्ची ओढून बसले. "पिन झिजते, बुश आतून झिजतो. एकेका जागी केसभर. सगळ्यायचं मिळून लांबते. मग पिच जुळत नाई आन् चेन दातावर चढते. तुझी तर नवीनच म्हातारी झाली."

वर्नियर काढला. पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर. खऱ्याचं नऊ इंच, २२८.६ मिमी, भागिले १६ म्हणजे १४.३. माझ्या लाकडी जिगमध्ये, म्हणजे सगळी भोकं एकाच अंतरावर पाडायच्या चौकटीत, ड्रिल किंचित सरकलं होतं, १४.६ येत होतं. ०.३ मिलिमीटर, म्हणजे तीन-चार कागदांची जाडी. गुणिले ४१ केलं की १२ मिमीच्या वर जातं, आख्खी एक प्लेट म्हणता येईल एवढं. मला ते आधी कळलं नव्हतं असं नाही, चेन सैल पडतेय म्हणून मी गुपचूप एक प्लेट कमी करून ४० वर चालवायचा प्रयत्न केला होता. तेही मी कबूल केलं. बाबा हसले, "हा धंदा आमीपण केला. चेन ताणायचा ॲडजस्टर संपला की एक प्लेट काढायची, शिफ्ट काढून न्यायची. पण दातावर चढायची ती चढतेच."

खऱ्या डोझरला यावर इलाज असतो. बुश एकाच बाजूने झिजतो, कारण स्प्रॉकेट त्याला त्याच अंगाने ढकलतं, म्हणून चेन काढून वर्कशॉपला नेतात, मोठ्या हायड्रॉलिक प्रेसवर पिना-बुश दाबून बाहेर काढतात, अर्ध्या फेऱ्याने फिरवतात आणि परत दाबून बसवतात. न झिजलेली बाजू आता कामाला येते. पिन-बुश टर्निंग. माझ्याकडे असा इलाज नव्हता, माझ्या चुकीला दुसरी बाजूच नव्हती. १६४ पैकी ८२ लिंक वितळवल्या आणि नवीन जिग केलं, या वेळी लोखंडाचं.

नवीन चेन करता करता मी या प्रकाराचा इतिहास वाचत बसायचो. १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळ बेंजामिन होल्टने आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचे पट्टे लावून बघितले, कारण तिथल्या नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीत ट्रॅक्टर रुतायचे, चाकं कितीही रुंद केली तरी. कोणी म्हणालं हे सुरवंटासारखं चालतंय, ते नाव चिकटलं, आणि १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर झाली. गंमत म्हणजे तेव्हा बुलडोझर हे मशीनचं नावच नव्हतं, पुढच्या पात्याचं होतं. कॅन्सस राज्यातल्या कमिंग्ज आणि मॅकलॉइड या दोघांनी १९२३ मध्ये ट्रॅक्टरच्या पुढे असं पातं लावलं, पेटंट १९२५ चं. म्हणजे आधी पाय आले, हात नंतर. मला हे फार बरं वाटलं.

आणि रुतणारी जमीन म्हटलं की आमची काळी माती. बाबांना होल्टची गोष्ट सांगितली तर त्यांनी पावसाळ्यातला डंप सांगितला. तीस-पस्तीस टनांचं मशीन, पण वजन चेनवर पसरतं, भागाकार करून बघितला तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम किलोभर येतं, आपल्या कारच्या टायरखाली याच्या दुप्पट असतं. म्हणून जिथे जीप अडकते तिथे डोझर चालतो. पण काळी माती चेनमध्ये भरते, रोलर आणि लिंकच्या मध्ये, स्प्रॉकेटच्या खाचांत, आणि भरली की चेन आपोआप टाईट होत जाते. "टाईट चेन मशीन खाते. पावसात आधीच सैल ठेवायची." मग सैल किती ते सांगितलं: पुढचं आयडलर, म्हणजे बिनदातांचं चाक, आणि वरची चेन तोलणारा कॅरिअर रोलर यांच्यावर एक सरळ सळई ठेवायची, चेन मध्ये जिथे सगळ्यात खाली लोंबते तिथे सळईपासून इंचभर. टाईट करायची तर ग्रीसगनने ॲडजस्टरमध्ये ग्रीस भरायचं, सैल करायची तर प्लग हळूच एक फेरा सोडायचा आणि तोंड बाजूला ठेवायचं, आतलं ग्रीस बंदुकीच्या गोळीसारखं येतं.

इंचभर भागिले १६, दीड मिलिमीटर. होळीला ते परत आले तेव्हा नवीन चेन बसवलेली होती. त्यांनी टेबलावरची अगरबत्तीची काडी उचलली, मसाला नसलेलं टोक आयडलर आणि रोलरवर आडवं ठेवलं आणि डोळा बारीक करून खालची फट बघितली. मग ढकलला. चेन वरून लोंबत, प्रत्येक प्लेट आयडलरवरून खाली उतरताना थोडी झुकत, टेबलावर पट-पट-पट आडवी पडत गेली. बाबांना आता थोडं कमी ऐकू येतं, त्यांनी टेबलाच्या फळीवर तळहात ठेवला होता. दोन-तीनदा पुढे-मागे केला.

"चालते," म्हणाले. मग लगेच, "पण ही चाललेली नाई."

हे मला कळायला वेळ लागला. मी रंगवली होती नीट. पितळेची चकाकी मारायला फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून काढली होती, वरून गंजाचा रंग, बाबांनीच पुडीत बांधून आणलेली काळी माती वस्त्रगाळ करून कोपऱ्यांत भरली होती, कारण १:१६ मध्ये साधा मातीचा कण म्हणजे धोंडा होतो. फोटो टाकले असते तर चार लोक वा म्हणाले असते. पण बाबांचं म्हणणं, गंजते ती उभी चेन, चालणारी चेन खालून चांदी असते. रोलर जिथून फिरतात ती लिंकची पाठ आरशासारखी, धारेची कड चकचकीत, प्लेटचे कोपरे गोल झालेले, आणि बाकी सगळीकडे चिखल. मी गंज लावून तिला मेलेली केली होती. शिवाय सगळ्या ४१ प्लेट सारख्याच झिजलेल्या. "अशी कुठं असते का? मधात दोन प्लेट बदललेल्या असतील, त्या नव्या उंच दिसतीन. एकाचा बोल्ट गेलेला असतो. काऊन नाई गेला तुझा एकही?"

मॉडेलवाल्या माणसाला हा मोठा धक्का आहे. आपण एकेक बोल्ट मोजून बसवतो, आणि इथे एक माणूस ज्याने पस्तीस वर्षं त्याच्यावर काढली तो सांगतो एक काढून टाक. काढला. कुठला काढायचा तेही त्यांनीच दाखवलं, बाहेरच्या बाजूचा, कारण दगड आधी तिथे लागतो.

जाता जाता, रिक्षात बसताना, एक पाय आत एक बाहेर असताना म्हणाले, "डावी जास्त झिजव. आमच्या डंपवर वळण एकाच अंगाला होतं." मी विचारलं किती जास्त. तोपर्यंत रिक्षावाला निघाला.

सध्या डाव्या बाजूचं काम चालू आहे. २३ प्लेट झाल्या. एकेक धार कानसने घासायची, मधे जास्त घासायची की कडेला हे बाबा फोनवर सांगतात, आई मागून म्हणते याह्यचं जेवण थंड होऊन राहिलं. परवा मी त्यांना सांगितलं, पाच मिमीची धार होती ती घासून अडीचवर आणली, आता बरोबर जुनी दिसतेय.

पलीकडे थोडा वेळ शांत. हिशोब चालू होता. "अडीच म्हणजे खऱ्याचं चाळीस. अर्धी धार गेली?"

"हो."

"मग अशी काऊन चालवून राहिला? आमी एवढी कधी झिजू नाई दिली. मशीन उभी कर, बार वेल्ड करून घे वरून."

बार वेल्ड करणं म्हणजे झिजलेल्या धारेवर नवी लोखंडी पट्टी जोडायची, वेल्डिंगचा जाडा ओबडधोबड टाका दोन्ही बाजूंनी दिसतो. मी टेबलावरच्या २३ प्लेटकडे बघितलं. काल रविवार पेठेत जाऊन दीड मिमीची चौकोनी पितळी सळई आणली, ४१ तुकडे कापायचे आहेत, आणि या वेळी डाग मुद्दाम वाईट द्यायचा आहे, तो सोनाराला काही सांगू नका.